गैरहजर बाईची निवड

कोरीन: हा चौथा डबा, आर्लिस. सकाळपासून चौथा. आमच्याकडे कोणी मेलंय का?

आर्लिस: अगं, अभिनंदनाचे आहेत ते. आधी घे हातातून, बूड गरम आहे.

कोरीन: माझे हात रंगाने बरबटलेत. ठेवा तिथेच, त्या खोक्यांवर. आणि कसलं अभिनंदन?

आर्लिस: नवऱ्याने सांगितलं नाही वाटतं?

कोरीन: मी रात्रपाळीहून आले तेव्हा नेट जूनीला घेऊन निघाला होता. दात दाखवायला. शाळा बुडवून, दोन काउंटी ओलांडून. सात वर्षांच्या पोरीचा एक दात बघायला अख्खा दिवस जातो इथे. काय सांगायचं होतं त्याने?

आर्लिस: काल संध्याकाळी आगीच्या बंबाच्या हॉलमध्ये गावच्या अँब्युलन्सची बैठक झाली. तुला प्रमुख केलं. एकमताने.

कोरीन: मी तिथे नव्हतेच.

आर्लिस: म्हणून तर.

कोरीन: म्हणजे?

आर्लिस: आमची रीतच आहे तशी. जो बैठकीला येत नाही, त्याच्या गळ्यात पद. समोर बसलेला माणूस नाही म्हणू शकतो ना. माझं नाही का झालं? गाय अडली होती म्हणून एक बैठक चुकवली मी. वासराचे पाय धरून ओढत होते, आणि इकडे या लोकांनी हात वर केले. तेव्हापासून अँब्युलन्सच्या मागच्या बाकावर मीच. वासरू मेलं ते मेलंच.

कोरीन: ही गंमत आहे का?

आर्लिस: हसले सगळे. पण गंमत नाही.

कोरीन: आयजीच्या जिवावर बायजी उदार! मला न विचारता माझं नाव ठरवलंत, वर नूडल्स आणि मश्रूमचे डबे पाठवताय. मी दर पाळीला तासभर गाडी चालवत शहरातल्या हॉस्पिटलात जाते. बारा तास उभी असते. पुन्हा तासभर परत. आणि उरलेल्या वेळात तुमचं हे फुकटचं काम करू?

आर्लिस: फुकटच करतो सगळे. रस्त्यावरचा बर्फ डस्टिन स्वतःच्या ट्रॅक्टरने काढतो. मयताचं जेवण आम्ही बायका रांधतो. त्याचा कर लावला असता तर तुला हे घर परवडलं असतं होय?

कोरीन: आलात मुद्द्यावर. स्वस्त घर. तीन वर्षं ऐकतेय. शिकागोत आमचा अर्धा पगार भाड्यात जायचा, कबूल. इथे त्याच्या निम्म्यात घराचा हप्ता भागतो, तेही कबूल. पण दूध आणायला किती लांब जायचं? दुकान बंद पडलं. दवाखाना बंद पडला. हिवाळ्यात घर तापवायला गॅसची टाकी भरून घ्यायची म्हटली की खिसा रिकामा होतो. दोन माणसांना दोन गाड्या, आणि एक बंद पडली की नोकरी बंद. घर तेवढं स्वस्त आहे हो. राहणं कुठे स्वस्त आहे?

आर्लिस: म्हणून विकताय.

कोरीन: कोणी सांगितलं?

आर्लिस: कोणी कशाला सांगायला हवं? तीन वर्षांत या भिंतीला तू खिळासुद्धा ठोकला नाहीस. आज पांढरा रंग देतेयस. स्वतःला राहायचं असलं की माणूस आवडीचा रंग लावतो. पांढरा लावतात तो गिऱ्हाइकासाठी.

कोरीन: म्हणजे तुम्हाला माहीत होतं. बैठकीच्या आधी.

आर्लिस: होतं.

कोरीन: बाकीच्यांना?

आर्लिस: त्यांनाही.

कोरीन: आणि तरी माझं नाव घेतलंत.

आर्लिस: माहीत होतं म्हणूनच घेतलं.

कोरीन: शाब्बास! म्हणजे मी गेले की अख्खी काउंटी म्हणणार, ती शहरातली नर्स, पद दिलं तर पळून गेली. डबे खाऊन पळाली. लाज वाटायला लावून अडकवायचं मला?

आर्लिस: वाटली लाज तर वाटू दे. मला दुसरं काही सुचलं नाही.

कोरीन: निदान लपवत तरी नाही तुम्ही.

आर्लिस: या वयात काय लपवू? मला एक सांग. इथला हिवाळा सोसलास, दुकान गेलं तेही सोसलंस. मग आता असं काय झालं?

कोरीन: तुम्ही विचारताय? तुम्ही? गेल्या कापणीत काय झालं ते तुमच्या डोळ्यांसमोर झालं.

आर्लिस: जूनीचं.

कोरीन: सोयाबीनची धूळ उडत होती आठवडाभर. पोरीला श्वास घेता येईना. मी तासभर लांब, दुसऱ्याच्या आईचं सलाईन बदलत होते, आणि नेट फोनवर नुसता ओरडत होता. मागून जूनीची शिट्टी ऐकू येत होती मला. छातीतली. नर्स आहे मी, आर्लिस. ती शिट्टी थांबली की काय होतं ते मला ठाऊक आहे.

आर्लिस: आलो ना आम्ही.

कोरीन: आलात. डोक्याला कर्लर लावलेले, कोटाखाली घरातला झगा. मला हॉस्पिटलच्या दारात तुम्हीच दिसलात आधी, तिला मांडीवर धरून. ते उपकार मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण त्या रात्रीपासून मला झोप नाही. तुम्ही घरी नसता तर? नातीकडे गेला असता तर? माझ्या मुलीचा श्वास एका बहात्तर वर्षांच्या बाईवर टांगलेला आहे, आणि तिच्या मागे दुसरं कोणी नाही. अशा ठिकाणी मी पोर वाढवू?

आर्लिस: नको वाढवू.

कोरीन: काय?

आर्लिस: बरोबर बोलतेयस. माझ्या भरवशावर नको वाढवू. गेल्या आठवड्यात हार्लनची छाती दुखली, गेलो आम्ही. मी त्याला ऑक्सिजन लावला. आणि मला सिलिंडरवरचा काटाच दिसेना. मधोमध नुसता करडा डाग. डोळे बारीक केले, चष्मा पुसला. शेवटी त्यालाच म्हटलं, हार्लन, तो काटा कुठे आहे बघ रे जरा.

कोरीन: पेशंटला विचारलंत?

आर्लिस: बिचाऱ्याने मास्क बाजूला करून वाचला. वाचला तोही, आणि काटाही. हसू नकोस.

कोरीन: मी हसत नाहीये. डॉक्टरला दाखवलंत?

आर्लिस: दाखवलं. कडेचं दिसतं, मधलं जाणार. जात चाललंच आहे. काल बैठकीत मी गाडीची किल्ली टेबलावर ठेवली, म्हटलं आता मला जमायचं नाही. चालवायला डस्टिन आहे, पण मागे पेशंटजवळ शिकलेलं माणूस नसलं तर गाडी हलवायची नाही असा कायदा आहे. डस्टिनच्या बायकोने हे काम शिकायचा वर्ग लावला होता, तर दोन नोकऱ्या आणि तीन पोरं. सोडला तिने. उन्हाळा संपेपर्यंत कोणी मिळालं नाही तर सरकार गाडी पलीकडच्या काउंटीला देणार. तिथून इकडे यायचं म्हणजे माणूस गार व्हायचा.

कोरीन: मग आधी का नाही सांगितलंत? डबा पुढे करण्याआधी?

आर्लिस: माझ्या डोळ्यांची कीव येऊन हो म्हणाली असतीस. तसलं हो दोन महिने टिकतं.

कोरीन: मी कसलंच हो म्हणणार नाहीये. ऐकलंत? मला वाईट वाटतंय, खरंच वाटतंय. पण उद्या सह्या आहेत. शिकागोहून एक कुटुंब येतंय, त्यांना घर आवडलंय. नेटला तिकडे काम मिळालंय. आम्ही चाललो.

आर्लिस: तुझा फोन वाजतोय.

कोरीन: बघा कोण आहे.

आर्लिस: मला काय दिसणार? अक्षरं मुंग्यांसारखी आहेत.

कोरीन: कडेला धरा. जोलीन असेल, घर घेणारी. हिरवं दाबा आणि स्पीकरवर टाका, माझ्या हाताला रंग आहे. आणि तुम्ही एक शब्द बोलायचा नाही.

आर्लिस: मी कशाला बोलू?

जोलीन: हॅलो, कोरीन? जोलीन प्रुइट बोलतेय. कामात आहात का? दोनच मिनिटं. आम्ही इकडे सामान बांधायला घेतलंय, मुलं वेडी झालीत नुसती. अंगणात कुत्रा पाळायचाय त्यांना.

कोरीन: पाळा की. अंगण मोठं आहे.

जोलीन: इथे तेवढ्या पैशांत गाडी लावायला जागा मिळत नाही हो. आमचे हे म्हणतात, इतकं स्वस्त आहे म्हणजे काहीतरी गोम असणार. मी म्हटलं, अहो, त्या बाई साध्या वाटतात, फसवणाऱ्यातल्या नाहीत.

कोरीन: छप्पर दोन वर्षांपूर्वीच बदललंय. तळघरात ओल नाही.

जोलीन: ते सगळं पाहिलं आम्ही. मी वेगळ्यासाठी फोन केला. माझी आई आमच्याबरोबर राहणार आहे ना, तिचं हृदय नाजूक आहे. हॉस्पिटल तासभर लांब आहे, ते ठीक आहे, तुम्ही आधीच सांगितलंत. पण काउंटीच्या वेबसाइटवर लिहिलंय की गावाची स्वतःची अँब्युलन्स आहे. आहे ना?

कोरीन: आहे.

जोलीन: हुश्श. हेच विचारायचं होतं. लवकर येते?

कोरीन: गावातच उभी असते. बंबाच्या हॉलमध्ये.

जोलीन: देव पावला. आणि मागे बसायला बाई असते की पुरुष? हसाल तुम्ही, पण आई फार लाजते. परक्या पुरुषाने गळ्याची बटणं काढलेली तिला चालायची नाहीत. त्यापेक्षा मरेन म्हणते.

कोरीन: बाई असते.

जोलीन: शिकलेली?

कोरीन: नर्स आहे.

जोलीन: बघा! आणि म्हणे खेड्यात काही मिळत नाही. नाव काय तिचं? आईला सांगते, म्हणजे तिला आत्तापासून धीर येईल.

(कोरीन ब्रश रंगाच्या डब्यावर आडवा ठेवते.)

जोलीन: हॅलो? आवाज जातोय का?

कोरीन: कोरीन.

जोलीन: अगबाई, तुमच्याच नावाची?

कोरीन: मीच. काल निवडलं मला.

जोलीन: पण तुम्ही तर चाललात ना?

कोरीन: हो.

जोलीन: मग आईसाठी कोण येईल?

कोरीन: कोणी नाही, जोलीन. आधीच्या बाईंची नजर गेली. मी गेले की उन्हाळ्याअखेर गाडीही जाईल. तुमच्या नवऱ्याला सांगा, गोम हीच आहे.

जोलीन: तुम्ही आधी सांगायला हवं होतंत.

कोरीन: हवं होतं.

जोलीन: आम्ही घरमालकाला कळवून टाकलंय हो, या महिन्याअखेर जागा सोडतो म्हणून. आता मी... मला यांच्याशी बोललं पाहिजे. उद्याचं उद्या बघू. नाही, उद्याचं नकोच. मी फोन करते.

कोरीन: करा.

आर्लिस: ठेवला वाटतं तिने.

कोरीन: ठेवला.

आर्लिस: मला वाटलं, तू वेळ मारून नेशील. मी नेली असती.

कोरीन: तुम्ही गप्प बसा. तोंड उघडू नका. नेट संध्याकाळी येईल, त्याला मी काय सांगू? तिकडची नोकरी पक्की केलीय त्याने. सगळं जुळत आलं होतं आणि मी एका वाक्यात उधळलं. कोण ती जोलीन? मी तिला एकदाच भेटले. तिची आई तर मी पाहिलीही नाही.

आर्लिस: रडू नकोस पोरी.

कोरीन: रडत नाहीये, संतापलेय. तुमच्यावर. त्या हात वर करणाऱ्या सगळ्यांवर. वर्षभर माझ्याशी कोणी गोड बोलायला यायचं नाही, सांगून ठेवा गावाला.

आर्लिस: सांगते. वर्षभर म्हणालीस?

कोरीन: शब्दात पकडू नका. मी काही कबूल केलेलं नाही. आधी एका गोष्टीचं उत्तर द्या. समजा, मी तुमच्या बाकावर बसले. समजा. हार्लनला मी, डस्टिनच्या पोरांना मी, सगळ्या काउंटीला मी. बरोबर?

आर्लिस: बरोबर.

कोरीन: मंगळवारी आणि शुक्रवारी माझी रात्रपाळी असते. त्या रात्री जूनीला धाप लागली तर कोण येणार?

आर्लिस: मी...

कोरीन: तुम्ही नाही. तुम्हाला दिसत नाही. दुसरं नाव सांगा.

आर्लिस: नाही माहीत, पोरी. खरंच नाही माहीत.

कोरीन: मग बसा इथे. कोट काढा. डस्टिनच्या बायकोला फोन लावा आणि विचारा, तिची पोरं आठवड्यातून दोन संध्याकाळी मी सांभाळली तर तिचा तो वर्ग पुरा होईल का. तिच्या तोंडून हो आल्याशिवाय तुम्ही या घरातून हलायचं नाही.

आर्लिस: कामावर असेल ती आत्ता.

कोरीन: थांबू की. भिंत अजून अर्धी बाकी आहे.