ओढ्याकाठी ऐकलेली बातमी

या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या पंचायत समितीचे सभापती महोदय, मुरबाडहून एस.टी.ची धूळ खात आलेले गटविकास अधिकारी साहेब. उद्यापासून आपल्या भागाचे रेडिओ पाहणार आहेत ते नवे पर्यवेक्षक. बाक हलवून ही पडवी मोकळी करून देणारे हेडमास्तर. ज्यांना निरोप देणं आज आपल्या सगळ्यांच्या जिवावर आलं आहे ते श्री. अनंत हरी टिपणीससाहेब. आणि पडवीत, अंगणात, खिडकीच्या गजाला धरून उभ्या असलेल्या माझ्या बंधूंनो आणि बहिणींनो,

मी याच शाळेत चौथीपर्यंत शिकलो. भाषण करण्याची सवय नाही. भजनात टाळ धरतो, तेवढाच माझा सभेशी संबंध. हेडमास्तरांनी बजावलं आहे, "दामूदादा, सातच्या बातम्यांच्या आत आटपा." तेव्हा घड्याळाकडे त्यांनी लक्ष ठेवावं, मी साहेबांकडे ठेवतो.

साहेबांचं काम काय, हे नव्या मंडळींना सांगायला हवं. सरकारच्या प्रसिद्धी खात्याने गावोगावच्या पंचायतींना रेडिओ दिले. ते वाजतात की नाही हे बघायचं, बॅटरी बदलायची, झाडावरची तार तुटली तर जोडायची. एवढं केलं की नोकरी झाली. साहेबांनी एवढंच केलं असतं, तर आज आपण त्यांना एक नारळ देऊन मोकळे झालो असतो.

ते पहिल्यांदा आले तेव्हा आपला रेडिओ मारुतीच्या सभामंडपात होता. रोज गुरव त्याला हार घालायचा, कुंकू लावायचा. साहेबांनी विचारलं, "कोण ऐकतं?" आम्ही म्हटलं, "सगळा गाव." साहेब म्हणाले, "कोण ऐकत नाही?"

आता या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं? तेवढ्यात गावकुसाबाहेरच्या वाडीतल्या मैनाबाई डोक्यावर मोळी घेऊन खालून चालल्या होत्या. साहेब पायऱ्या उतरले. "बाई, रेडिओ ऐकता का?"

मैनाबाई मोळी न उतरवताच म्हणाल्या, "आमी कशाला ऐकू, सायब? तो यांच्या देवळातला नवा देव. आमी लांबून हात जोडतो."

मंडळी हसली. साहेब हसले नाहीत. ते वाडीवर गेले, खळ्यावर गेले, चुलीपुढच्या बायकांशी दाराबाहेर उभं राहून बोलले. बातम्या लागतात तेव्हा तुम्ही कुठे असता? काल काय ऐकलं? तुम्हाला काय ऐकायचं आहे? कुणी सांगितलं गवताचा भाव, कुणी सांगितलं म्हसा गावच्या जत्रेतला गुरांचा बाजार. साहेब ते सगळं मुंबईला कळवत राहिले. आम्हाला वाटायचं, मुंबईला आमच्या गवताचं काय पडलं आहे? आणि एक नवल आम्ही पाहिलं. बातम्या लागल्या की साहेब रेडिओकडे पाठ करून बसायचे आणि ऐकणाऱ्यांची तोंडं बघायचे. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाले, "दामूदादा, मुंबईहून इथवर बातमी वाऱ्यावर येते. देवळाच्या पायरीपासून वाडीपर्यंत मात्र तिला पायी जावं लागतं. तिला कोण नेतं, ते बघतो."

ते बोलणं मला तेव्हा कळलं नव्हतं. कळलं ते पाच वर्षांपूर्वीच्या पौषात.

म्हशाची जत्रा जवळ आली होती. मैनाबाईंचे मालक नवसू, आज मागे खांबाला टेकून बसले आहेत ते, लोकांची जनावरं बाजाराला पोचवून पोट भरतात. त्या दिवशी सकाळीच ते गावातल्या पाच घरांचे बैल घेऊन निघाले होते. त्यात माझी मोरा आणि लाखा ही जोडी होती. विकायची नव्हती, म्हसोबाच्या दारात नेऊन आणायची, एवढं मी देवाला बोललो होतो.

संध्याकाळी मंडपात आम्ही बसलेलो, साहेबही मुक्कामाला होते. बातम्या चालू होत्या. आणि एकाएकी रेडिओतला माणूस म्हणाला, "म्हसा येथील..."

काय सांगू! दिल्लीचं नाव रोज यायचं, मुंबईचं यायचं. आमच्या मुलखाचं नाव त्या पेटीतून कधी आलं नव्हतं. "आपला म्हसा बोल्ला रे! रेडिओत आपला म्हसा आला!" टाळ्या पडल्या, टोप्या उडाल्या, गुरवाने घंटा बडवली. आनंद ओसरला तेव्हा पेटी दुसरं काही बोलत होती.

पायरीखालून मैनाबाईंनी विचारलं, "काय झालं रे म्हशाला?"

कुणीतरी म्हणालं, "नाव घेतलं गो, नाव!"

"नाव घेतलं ते समजलं. पुढं काय बोल्लं?"

पुढचं मंडपात कुणी ऐकलंच नव्हतं. साहेब तेवढे उभे राहिले. घंटेच्या आवाजातून त्यांना जेवढं मिळालं तेवढं त्यांनी सांगितलं. जत्रेतला गुरांचा बाजार बंद. घाटावर बुळकांडी निघाली आहे.

शेतकऱ्याच्या पोराला बुळकांडी म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. एक जनावर आजारी आलं तर गोठाच्या गोठा रिकामा होतो. मंडपात कुणीतरी बोललंच, "नवसूनं रोग आणला तं त्याला वेशीत पाय ठेवू देणार नाय." मैनाबाईंनी ते ऐकलं. त्या एवढंच म्हणाल्या, "तुमीच धाडलंत ना त्याला?"

मुरबाडला सरकारी दवंडी पिटली असेल. पण रस्त्याने चालणाऱ्या माणसाला कुठल्या गावची दवंडी ऐकू येणार? घाट उतरून येणारे कळप मुरबाडच्या अलीकडे ओढ्यावर एक दिवस थांबतात, जनावरं धुतात, शिंगं घासतात आणि दुसऱ्या पहाटे बाजारात शिरतात. नवसू तिथेच थांबणार होते. साहेबांनी दुसऱ्या दिवशी सकाळी मंडपातला रेडिओ सोडवायला घेतला. म्हणाले, "आपण सांगून कुणी ऐकणार नाही. यालाच नेऊ." किती बोलणं झालं! गावचा रेडिओ वेशीबाहेर नेता? बॅटरी आधीच उतरलेली, ती संपली म्हणजे? साहेबांनी शांतपणे तार गुंडाळली.

साहेब, मैनाबाई आणि मी एस.टी.त चढलो. कंडक्टर म्हणाला, "ही पेटी कुणाची? लगेज पडेल."

मैनाबाई म्हणाल्या, "बोलतो तो, दादा. अर्धं तिकीट काढ."

त्या दिवसातलं तेवढंच हसणं.

ओढ्यावर पाहतो तर दोन्ही काठ जनावरांनी भरलेले. पाण्यावर उतरायला जागा एकच, सगळी गुरं तिथेच पिणार. नवसूंनी आमचं ऐकून घेतलं आणि मान हलवली. "दादा, तुमच्या जोडीचं तुमी बोला. बाकीच्या चार घरांना मी काय सांगू? बाजार न करता गेलो तं म्हणतील, नवसू दारू पिऊन पडला."

घाटावरचा एक पागोटेवाला म्हातारा पुढे आला. "आमी चार दीस चालतोय. बाजार न्हाई म्हनून कोन म्हनतंय? कागुद दावा."

साहेब म्हणाले, "कागद नाही. सातच्या बातम्यांत सांगतील."

"मंग आत्ताच बोलू द्या की त्येला."

बॅटरी इतकी उतरलेली, की साहेब सातच्या आधी रेडिओच्या खुंटीला हात लावायला तयार नव्हते. लडकू नावाचा दलाल तिथे होता. बाजार मोडला तर त्याचा हंगाम बुडणार. तो ओरडला, "सायबाचा पोपट मुका हाय रे! चला, पाजा जनावरं!"

साहेबांनी हात जोडले. "सातपर्यंत पाण्यावर घालू नका. एवढंच मागतो."

म्हाताऱ्याने काठी जमिनीवर ठेवली. "सातपत्तुर थांबतो. फुडं न्हाई."

साहेबांनी ऐनाच्या झाडावर तार चढवली, दुसरी तार ओल्या वाळूत पुरली. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "दामूदादा, कालची बातमी आज पुन्हा देतीलच असं नाही." सभापती महोदय, तुम्ही निवडणुकीच्या निकालाची वाट पाहिली असेल. पण उन्हात उभ्या ठेवलेल्या तहानलेल्या बैलांपुढे कधी वाट पाहिली आहे का? बैल हंबरत होते. मोरा वेसण ताणून पाण्याकडे ओढ घेत होता आणि नवसू काठी आडवी धरून त्याच्यापुढे उभे होते, त्याच्याशी बोलत होते, "थांब रे बाबा, थांब जरा." लडकूने आपला कळप सरळ पाण्यात घातला. पलीकडच्या काठावर एक बैल मान टाकून बसला होता, डोळ्यांतून पाणी गळत होतं. त्याचा मालक म्हणत होता, चालून दमलाय. सगळे त्याच बैलाकडे बघत होते.

दिवस मावळला. साहेबांनी रेडिओ एका बैलगाडीवर ठेवला आणि लावला. आवाज विहिरीतून यावा तसा. माणसं दाटून उभी राहिली. दिल्ली झाली. मुंबई झाली. परदेशातलं काही झालं. आवाज आणखी खाली गेला. मी डोळे मिटले. जन्मात देवाकडे असलं मागणं कधी मागितलं नव्हतं: म्हसोबा, तुझ्या जत्रेचं नाव तू आज त्या माणसाच्या तोंडून वदव. हवामान सुरू झालं.

"झालं!" लडकू म्हणाला. "आता गाणी लागतील. नाचा!"

म्हाताऱ्याने काठी उचलली. मागच्या कळपाची दावी सुटायला लागली. आणि पेटी म्हणाली, "म्हसा येथील..."

काल आमचं झालं तेच घाटावरच्या लोकांचं झालं. ज्या गावाला चार दिवस चालत निघालो त्याचं नाव सरकारच्या पेटीतून! "म्हसा! म्हसा म्हनला रं!" शिट्ट्या, आरोळ्या. साहेब दोन्ही हात वर करून काही सांगत होते, ते कुणाला ऐकू येईना.

तेव्हा मैनाबाई गाडीच्या चाकावर चढल्या. त्या बाईचा आवाज मी त्याआधी असा कधी ऐकला नव्हता, त्यानंतरही नाही.

"गप र्‍हावा! मेल्यांनो, नाव काय ऐकता? फुडचं ऐका!"

आणि सगळा ओढा गप्प झाला. बैलसुद्धा. त्या शांततेत शब्द न् शब्द आला. यात्रेतील गुरांचा बाजार यंदा भरणार नाही. घाटमाथ्यावरील काही गावांत बुळकांडीची लागण आढळली आहे. जनावरे आणू नयेत, आणली असल्यास एका पाणवठ्यावर पाजू नयेत. एवढं झालं आणि बॅटरी संपली.

म्हातारा आपल्या पुढच्या बैलाकडे गेला, शिंगाला धरून त्याचं तोंड घाटाकडे वळवलं. त्याच्यामागे एकेक कळप वळला. सगळे वळले असं म्हणणार नाही. लडकूच्या सोबतीने काही पुढे गेले. त्यांच्या गावांत त्या साली पेरणी कशी झाली ते मला सांगवत नाही. नवसूंनी आपले बैल खूप वरच्या बाजूला नेऊन अंधारात पाजले. गावात आणले नाहीत. गुरांचे डॉक्टर येऊन बघून जाईपर्यंत माळावर त्यांच्याजवळ स्वतः झोपले. पाचही घरांची जनावरं जगली. मोरा आजही माझ्या दावणीला आहे. म्हसोबाला मी त्या साली ओढ्यावरूनच हात जोडले. त्याला ते पोचले असणार.

परत आल्यावर साहेबांनी रेडिओ मंडपात नेला नाही. वाडीची वाट आणि गावची वाट जिथे मिळते त्या पारावर लाकडी खोका करून त्यात बसवला, भोंग्याचा आवाज दोन्हीकडे जाईल असा. परवा पंचायतीत सूचना आली आहे, की पारावर धूळ बसते, तो परत देवळात न्यावा. नव्या पर्यवेक्षकांनी निर्णय करण्याआधी मला दोन शब्द बोलू द्यावेत. मी रोज पहाटे मारुतीपुढे दिवा लावतो. देवळाविषयी माझ्या मनात काय आहे ते गावाला ठाऊक आहे. तरीही सांगतो, धूळ मी रोज स्वतःच्या हाताने पुसेन, पण रेडिओ पारावर राहू द्या. त्या दिवशी तो देवळातच राहिला असता तर आपल्या गोठ्यांचं काय झालं असतं, याचा विचार ज्याने त्याने घरी जाऊन करावा.

टिपणीससाहेब, तुमची बदली जिथे झाली आहे तिथेही तुम्ही "कोण ऐकत नाही?" हाच प्रश्न विचाराल, हे मला माहीत आहे. आमच्याकडून तुमच्या पाहुणचारात, आणि सुरुवातीला तुमच्याशी बोलण्यातही, कमीजास्त झालं. ते पोटात घाला. अध्यक्षांनी आणि पाहुण्यांनी माझं लांबलेलं बोलणं सोसलं, त्यांचे मनापासून आभार. कुणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल तर ते विसरभोळेपणाने, आकसाने नव्हे.

हेडमास्तरांनी घड्याळ दाखवण्याची गरज नाही. मैनाबाई मघापासून माझ्याकडे ज्या नजरेने पाहत आहेत, ती नजर मी ओढ्यावर पाहिली आहे. गप्प राहतो, बाई. सात वाजत आले. सगळ्यांनी पाराकडे चलावं.

आणि साहेब, आजही तुम्ही रेडिओकडे पाठ करूनच बसा. म्हणजे जाण्याआधी आम्ही सगळे तुम्हाला एकदा नीट दिसू.