सगळा बारचा प्रताप

गॅरेजच्या बाकावर माझ्याशेजारी एक काकू बसल्या होत्या. त्यांचे यजमान मिस्त्रींपाशी उभे होते.

“हा बघा काका, तुमचा जुना अँटी-रोल बार. पार झिजलाय. म्हणून वळणावर गाडी एवढी कलंडायची.”

“आणि आता?”

“आता अजिबात नाही कलंडणार.”

“अरेरे! वळण आलं की ही माझ्या खांद्यावर यायची हो. मला वाटलं, म्हातारपणी आपला भाव वधारला! मुद्दाम लांबच्या, वळणावळणाच्या रस्त्याने न्यायचो. काय गाढव मी! सगळा या लोखंडाचा प्रताप.”

“मग जुनाच परत बसवू?”

“बसवा की!”

“अहो, पुरे. सरळ रस्त्यावरही टेकायचे मी, तो कशाचा प्रताप?”