आईसाठी लॉन

—आवं, वरडू नका, रोहिदासभाऊ! आत पेंटर शिडीवर हाय, दचकून पडंल. बसा आधी. न्हाई, कट्ट्यावर नको, कट्ट्याचा रंग वला हाय. टेम्पोलाच टेका. व्हय, सकाळी तुम्हीच लॉन अंथरून गेलात, चटईवाणी, मी कुठं न्हाई म्हणते? आन् आता कमी पडलेल्या गुंडाळ्या घेऊन आलात तर हितं नुसती काळी माती. कुणी नेलं म्हणून काय इचारता? कोण नेणार! मी उपटलं.

चूक झाली. म्हातारं माणूस. गावाकडं, कवठ्याला, जन्म गेला माझा हरळीच्या काशा-मुळ्या वेचण्यात — एक काशी राहिली की पुन्हा सारं रान गिळती. लोक म्हणायचे, सोजराबाईच्या रानात हरळी दिसली तर दाखवा. आन् हितं कारेगावात माझा ल्योक विक्रम, कंपनीत सुपरवायझर झालेला, तीच हरळी पैसे मोजून दारात आणतो? — तुम्ही कार्पेट म्हणा न्हाईतर गालिचा म्हणा, मुळी हरळीचीच. मी बघितलं आन् हात आपसूक गेला. खुरपं बी आपसूकच — खुरपं कुठनं आलं? माझ्यासंगं आलं. कवठ्याहून, लुगड्यांच्या पिशवीत. विक्रमला न्हाई माहीत.

तसा गुणाचा हाय विक्रम. समदं माझ्यापायीच केलं म्हणतो. डॉक्टर म्हणला, बीपी वाढलं, आईला गवतावर अनवाणी चालवा. आता जन्मभर मी काय बूट घालून हिंडले व्हय? फेऱ्या मारायच्या म्हणं. ह्या टोकाकडनं त्या टोकाला. तिकडं काय हाय? भिंत. भिंतीपत्तर जायचं, परत यायचं, पुन्यांदा जायचं. भिंतीला तरी काय वाटंल? कवठ्याचं रान विक्रमनं दुसऱ्याला वाट्यानं दिलं, आन् मला म्हणाला, आई, आता तू काय म्हंजी काय करायचं न्हाई. असं बोलत्यात का कुणाला? आज तर कहर — भिंती वल्या, दारं वली, फरशीला पालिश. सून म्हणती, आत्या, कशाला हात लावू नका. मग माझ्या हाताजोगी एवढीच जागा राहिली का न्हाई? सांगा की!

गवत? त्याचं नाव काढू नका. शेजारच्या नकुशीच्या म्हशीनं खाल्लं. मान वर करंना. म्हणलं दमानं खा बाई, कार्पेट हाय ते.

—तिथं पाय देऊ नका! कशापायी म्हंजी... मेथी टाकलीया. आत्ता. न्हाई, बी आज कुठनं मिळणार, ते कालच नकुशीकडनं पदराला बांधून — ते जाऊ द्या. तुम्ही लईच खोदून इचारता, भाऊ.

आता ऐका. विक्रम शिरूरला गेलाय पडद्याचे पाईप आणायला, येईलच एवढ्यात. त्याला सांगायचं, लॉन बदललं. ह्ये बियाचं हाय, इदेशी, तीन-तीन पानांचं. हसता काय? उगवल्यावर बघू. एकदा का भाजी ताटात पडली की काय बोलणार तो? पर आजची रात निभली पायजे. आज कळलं तर तुमचं गवत पुन्हा येणार आन् मी भिंतीकडं जाणार — आवं, गुंडाळ्या कशाला उतरवताय! ठेवा वर. ठेवा म्हणते ना! बरं, उतरवा. मी हितं मधोमध बसते, अंथरा माझ्यावरनं. अंथरा की! माझ्या डोक्यावर लॉन लावा, ल्योक मारील फेऱ्या.

—गाडी. आला वाटतं. गप ऱ्हावा, मी बोलते... विक्रम! आलास व्हय, बाळा? ह्ये बघ, रोहिदासभाऊ म्हणतायत की त्ये लॉन हाय ना — आरं, बूट कशाला काढतोस? तू बी चालणार माझ्यासंगं? आज? — थांब! मागं हो, मागं! वाफ्यात पाय देऊ नगंस, मेथी फोकलीया!

...

जावा तुम्ही, रोहिदासभाऊ. त्याला समदं कळलं. मला काय बोलायचं त्ये तुम्ही गेल्यावर बोलंल. फाटक ओढून घ्या.