घुमटासाठी एक सही

आदरणीय अध्यक्ष साहेब, व्यासपीठावरील मान्यवर, आज सेवानिवृत्त होत असलेल्या आपल्या नगरपालिकेच्या मुख्य लेखाधिकारी बाई, त्यांचे कुटुंबीय आणि माझ्या सहकारी बंधुभगिनींनो,

 उद्यापासून बाईंच्या खुर्चीवर मला बसायचंय आणि मला फार भीती वाटते आहे.

बाईंची पद्धत आपण जाणताच. नवी वस्तू हवी, तर जुनी त्यांच्यासमोर आणून ठेवायची. वर्षअखेरीला उरलेला निधी संपवायची घाई सुटली, की जिन्यात खुर्च्या-कपाटांची ही गर्दी! बांधकाम विभागाने एकदा लोखंडी कपाट घामाघूम होत वर चढवलं. बाईंनी बिजागरीला तेल घातलं आणि म्हणाल्या, "नीट लागतंय की. न्या खाली." हसलात, बरं झालं. मलाही जरा धीर आला.

पण घुमट कसा आणून दाखवणार? नव्या स्वागत-दालनाच्या घुमटासाठी कर्ज काढायचंय आणि कायद्याने घातलेली कर्जाची मर्यादा तर आपण गाठली आहे. तिच्यापुढे जायचं, तर लेखाधिकाऱ्याने 'खर्च अत्यावश्यक' असं लिहून सही करावी लागते. बाईंनी ती केली नाही. "ऋण काढून सण कशाला?" एवढंच म्हणाल्या. आताच जुन्या कर्जाचं व्याज पहिलं जातं, उरलं तर आपल्या दवाखान्याला. माझी वहिनी तिथे नर्स आहे. परवा जेवताना म्हणाली, "भाऊजी, बाळंतिणीच्या माणसांना हातमोजे बाहेरून आणायला सांगते मी. लाज वाटते हो." 

साहेब, आज सकाळी आपण मला दालनात बोलावलंत, प्रेमाने चहा पाजलात. म्हणालात, "बाई तर चालल्या. सही तेवढी करून टाका. मुलं लहान आहेत ना तुमची? लांबची बदली फार जड जाते." मी "बघतो साहेब" म्हणालो आणि बाहेर आलो.

बंद दाराआड आपल्याला नाही म्हणायची माझी छाती नाही. उद्या पुन्हा चहा आला, की मी सही करून मोकळा होईन. मी मला ओळखतो. म्हणून ज्यांना मला रोज तोंड दाखवायचंय, त्या सगळ्यांदेखत आजच सांगतो. ती सही मी करणार नाही.

बाई, आपल्याला उदंड आयुष्य लाभो. आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल तर सांभाळून घ्या, असं आपण नेहमीच म्हणतो. मी मात्र आज ते खरंच मागतो आहे. उद्या साहेबांच्या दालनात जाताना कोणीतरी माझ्याबरोबर या.