डबीतल्या अळ्या

सकाळी सव्वादहाला पीक सल्ला केंद्राच्या रांगेत एका आजोबांनी आजींसमोर डबी उघडली. मागे उभी असलेली रोपवाटिकेवाली कान देऊन ऐकू लागली.

“चवळीवरची कीड. तुझे गुडघे दुखतात म्हणून न उठवता पहाटेच वेचली.”

“अहो, ही तर ढालकिड्याची, त्या ठिपक्यांच्या लाल भुंग्याची पिल्लं! पिकाचा रस शोषणारा मावा खातात ही.”

“मावा मुंग्या खातात ना?”

“छे! मावा गोड रस देतो, म्हणून मुंग्या त्याला राखतात आणि या पिल्लांना हुसकावतात. आज तुम्ही त्यांचे बिनपगारी राखणदार झालात.”

“मी मुंग्यांना शाबासकी देत होतो गं.”

“चष्मा?”

“उशाखाली.”

“धन्य!”

“तुझ्या आईचं बियाणं. एवढी एकच ओळ उरलीय.”

“रडू नका. एक अळी अजून हलतेय बघा. नमुन्याला आणलेलं ते मावा लागलेलं पान टाका आत, जेवू दे तिला.”

“मग साहेबांना काय दाखवू?”

“कीड म्हणून तुम्हालाच दाखवते.”

खिडकीतून त्यांचा नंबर पुकारला गेला. रोपवाटिकेवालीने वाकून डबीत पाहिलं. अळी पानाच्या कडेपर्यंत पोचली होती. अजून तिने एकही मावा खाल्ला नव्हता.