वाटेवरचं अंथरूण

या, माउल्यांनो, जवळ सरकून बसा; आमच्या लुसितान मुलखातली एक गोष्ट सांगतो. इथं आजाऱ्याला वाटेच्या कडेला निजवतात. तोच आजार भोगलेला एखादा वाटसरू भेटेल आणि उपाय सांगेल, एवढीच आशा. तोंगियो असा बारा दिवस पडून होता. डोळे मिटलेले, कान मात्र जागे. उशाशी त्याची बायको आपाना. वाटेनं जाणाऱ्या एका म्हातारीला तिनं हाक मारली.

“थांबा हो मावशी! हा पोटातला ताप कधी पाहिलाय का?”

“पाहिलाय. अजून आहे का अंगात?”

“आज पहाटेच उतरला! भूक लागली म्हणतोय. नाबियामाय पावली बघा. ओकच्या बियांची भाकरी भाजून आणलीय.”

“देऊ नकोस.”

“अहो, बारा दिवसांचा उपाशी आहे तो!”

“अजून नऊ दिवस ताकावरचं निवळ पाणीच दे. रडला तरी भाकरी नको.”

“तुमचा माणूस त्यानंच बरा झाला?”

“माझा मुलगा गेला.”

“मग मला कशाला शिकवता? ज्याचा वाचला त्यानं सांगावं, अशी रीत आहे. जा बाई, अभद्र बोलू नका.”

“जाते. पण त्याचाही ताप असाच उतरला होता, पोरी. मीही देवी पावली म्हटलं आणि या हातांनी भाकरी भरवली. हसत हसत खाल्ली त्यानं. संध्याकाळी पोट धरून गेला.”

भाकरीचा वास तोंगियोच्या नाकाशी दरवळत होता.

“आपाना, ताक आण,” तो कसाबसा म्हणाला. “आई, मुलाचं नाव काय होतं?”

“दोकिरो. पहिली भाकरी मोडशील ना लेकरा, तेव्हा त्याची आठवण काढ.”