माह्या बोटाले पाक पोळे नाही

मी फुलसावंगीचा, आमी बौद्ध मानसं, बाप दुसऱ्याच्या वावरात मजुरीले जाये. गावात लग्न कोनाचंही असो, आमाले बुंदी भेटे ते पंगत उठल्यावर, कढईच्या बुडाले लागलेली, बाप ते धोतराच्या सोग्यात बांधून आने आन् आमी पोट्टे बुंदी सरल्यावर सोगाच चाटत बसो. तवाच म्या मनात धरलं, मोठा झालो का कढईपाशीच उभा राहीन, मंग पाहू कोन मले उरलेलं देते.

झालोच मी आचारी. पहिले आमच्या वस्तीतले लग्नं केले, मंग पार महागावहून बोलावनं येऊ लागलं, ज्याहिच्या दारात बाप खाली बसे त्याहिनंही बुंदी मलेच सांगतली. आता कढईपाशी उभ्या मानसाले जेवन जात नाही भाऊ, म्हून दिवसभर गोडमिट्ट चहा आन् मूठमूठ बुंदी, पाक चाखाचा ते येगळंच. खरं सांगू का, मले आता कोनी नाही म्हनाले नव्हतं म्हून खाल्लं. बापाच्या वाटचंही मीच खाल्लं.

शुगर निंगाली, डॉक्टरनं गोळ्या देल्ल्या. मी सकाळी कडूनिंबाचा पाला चावो आन् समजो का कडू पोटात गेलं, आता दिवसभर गोड चालते. बायको म्हने, अवो, असं नसते. मी म्हनो, तुले काय समजते.

मंग हे पाहा, पाकाचा थेंब अंगठ्यात आन् बोटात धराचा, बोटं फाकवाचे, तार निंगाली का पाक झाला. बाकीचे आचारी थेंब थंडा होऊ देतेत, मी सिद्दा उकळत्या कढईवरचा घेवो. पोळेच नाही मले. मानसं पाहाले जमत, म्हनत याचा हात तयार झाला, याले म्हनतेत उस्ताद, आन् मीही मिशीवर ताव मारो. चप्पल पायातून निसटून मांगं राहे आन् मी तसाच चालत राहो, पोट्टे हासत, मीही हासो. काय सांगू तुमाले, अंगातलं समजनं मरून राह्यलं होतं आन् आमी त्याले इद्या म्हनत होतो.

पोरीच्या लग्नात, सुनंदाच्या, पाक मीच करत होतो. बायकोनं माहा हात पाह्यला आन् धरून मांगं वढला, बोटाची साल पाकात सुटलेली, मले पत्ता नाही. तो सारा पाक म्या सोता उकिरड्यावर ओतला. पोरीच्या लग्नात गूळ वाटला. जखम काही भरली नाही, काळी पडली, यवतमाळले मोठ्या दवाखान्यात दोन बोटं काढले. डॉक्टरीन म्हने, बाबा, पोळनं बंद झालं तवाच दवाखान्यात याले पाह्यजे होतं. म्या म्हनलं, बाई, तवा तं मानसं टाळ्या वाजवत होते.

राग येते भाऊ. बापाले गोड भेटलं नाही, पन तो म्हातारपनीही अनवानी चाले आन् काटा मोडला तं समजे त्याले. मले पोटभर भेटलं आन् मी असा बसून.

आता कढई सुनंदा पाहाते, गावातच देल्ली तिले. मी बाजूले खुर्चीवर, हातात बिनसाखरेचा चहा, तोंडात धरवत नाही. परवा तिनं पाकाले बोट लावलं आन् हात झटकला, म्हने बाबा, लयच पोळलं. बायको फुंकर घालाले धावली. म्या म्हनलं, राहू दे वं, पोळलं तं बरं झालं. जलमभर असंच पोळत राहो बाई तुले.